चांगुणाची फडकी

मार्गशीर्ष अर्धा सरला तरी डोंगरातली टोळी आली नाही. कांद्याचं रोप वीतभराच्या वर गेलं आणि माना टाकून एकमेकांवर लोळायला लागलं. गोटीराम रोज सकाळी तोंडात दातवणाची काडी धरून बांधावर जायचा, एखादं रोप उपटून मुळ्या बघायचा आणि फेकून द्यायचा.

"अजून आठ दिवस. मग हे शेरडांपुढं टाका," तो म्हणायचा. "जून रोप लावून नुसते फुलांचे डेंगळे निघायचे, कांदा पोसायचा नाही."

वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तिकडं पेठच्या डोंगरात भात-नागली निघाली, की दिवाळीनंतर आठ दिवसांत ती माणसं मखमलाबादच्या शिवारात उतरायची. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. गोटीरामच्या विहिरीपाशी त्यांची खोपटं उभी राहायची ती शिमग्याला मोडायची. शिमग्याला मात्र बांधून घातली तरी थांबायची नाहीत. टोळीचा मुकादम रावजी. पण बाया ऐकायच्या त्या त्याच्या विधवा बहिणीचं, मैनाचं. मैना वाफ्यात उकिडवी बसली की बाकीच्या बसायच्या, ती उठली की उठायच्या.

गोटीरामची बायको कलाबाई आणि मैना यांची गाठ पहिल्याच वर्षी पडली. कलाबाई नऊवारीची, घोट्यापर्यंत काष्टा घालणारी माळीण. मैनाचं लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, अंगात चोळी, आणि चोळीवर लाल छापाची फडकी, डोईवरून पाठीवर सोडलेली आणि गळ्याशी गाठ मारलेली. गोटीरामची थोरली बहीण वत्सलाबाई तिला बघून म्हणाली होती, "काय गं, अर्धं लुगडं घरीच विसरली का?"

मैनानं चिखलातून मान वर काढली नाही. "नाय बाय. तुमचं अर्धं चिखलात लोळतंय, ते कोण धुणार, म्हणून कमीच नेसले."

कलाबाई तोंडाला पदर लावून हसली. नणंदेनं ते हसू पुढं किती वर्षं काढून दाखवलं.

पण मैना म्हणाली ते खरंच होतं. डोंगरातल्या चढाला आणि भाताच्या चिखलाला तसंच लुगडं पाहिजे. आणि त्या फडकीला काय काय म्हणून कामं होती! थंडीत ती कुंची व्हायची, उन्हात सावली, मेथी खुडताना ओटी. कलाबाईची रूपाली तेव्हा चार महिन्यांची होती. मैनानं तिला फडकीच्या झोळीत घालून आंब्याला टांगली आणि कलाबाईला म्हणाली, "जा, तू पाणी धर. ही माझेकडं राहील." दोन वर्षांनी त्याच फांदीला मैनाची चांगुणा टांगली गेली. पोरी बरोबरीनं वाढल्या. एक माळ्याची, एक डोंगरातली. एकीचा परकर, एकीची आखूड घागरी. हिवाळाभर विहिरीवर दोघींचं खिदळणं ऐकू यायचं, शिमग्याला रडारड व्हायची.

मागल्या पौषात रूपाली विंचूरहून पहिल्या बाळंतपणाला आली. मुलगी झाली, संध्या. बारशाला रूपाली मोरपंखी साडी नेसली. पदराचे गोंडे तिनं स्वतः बांधले होते. इंदिरानगरला मामाकडं राहून शिवणाचा क्लास केला होता ना तिनं. शेवटच्या गोंड्याला हिरवा दोरा संपला, म्हणून तो लालच बांधला. कलाबाई म्हणाली, "अगं, एक लाल कसा दिसतो!" रूपाली म्हणाली, "हरवली तर ओळखू येईल."

चांगुणा त्या साडीवरून सारखा हात फिरवत होती. रूपालीनं तिला आतल्या खोलीत नेलं आणि नेसवली. चांगुणाला निऱ्या काही जमेनात. बोटांतून निसटायच्या. रूपाली ओली बाळंतीण, पोटाला पट्टा बांधलेला, तरी हसून हसून खाली बसली.

"अशी धर. अंगठ्यानं दाब. आता खोच. श्वास घे आत, म्हशीवाणी फुगू नको!"

पाच-सहा वेळा सोडून, परत नेसून चांगुणाला ती आली. पायघोळ साडीत ती ओसरीवर आली तेव्हा मैनानं तोंडावर हात घेतला. "ही कोण मास्तरीण आली गं?"

"तुझ्या लग्नात हीच साडी तुला," रूपाली चांगुणाला म्हणाली. "माझ्याकडून."

शिमग्याला टोळी गेली. चैत्रात रूपाली लेकीला घेऊन विंचूरला गेली. वैशाखात तिला कावीळ झाली आणि आठ दिवसांत संपली. पिवळीधमक, ओळखू न येणारी रूपाली कलाबाईनं शेवटी पाहिली ती दवाखान्याच्या हिरव्या चादरीत.

तेराव्याला जावयानं दोन गोष्टी आणून दिल्या. एक संध्या, चार महिन्यांची. आणि एक पत्र्याची पेटी, रूपालीच्या कपड्यांची.

"गेलेल्या बाईचं कापड घरात ठेवायचं नसतं," वत्सलाबाई म्हणाली. "तान्हं लेकरू आहे घरात. देऊन टाक कुणाला. आणि कुणाचं ते सांगत बसू नको, नाहीतर घेणार नाहीत."

कलाबाईनं बोचकं बांधलं. आत काय आहे ते तिनं बघितलंच नाही. दोन दिवसांनी कोथिंबिरीच्या पाटीबरोबर ते बाजारात नेलं. गंगेवर, नदीच्या घाटाशी, तिची नेहमीची जागा. पोतं अंथरून बसते न बसते तोच समोर मैना. पावसाआधी मीठमिरची न्यायला ती डोंगरातून आली होती.

"डोळे का गं असे?" मैनानं विचारलं.

"आलेत," कलाबाई म्हणाली.

"रूपाली कशी हाय? पोर धरते का बाळसं?"

कलाबाईनं मागं वळून बोचकं उचललं आणि मैनाच्या हातात ठेवलं. मैनानं गाठ सैल करून बघितलं. वरच मोरपंखी साडी होती. मैनाचा चेहरा असा काही फुलला की कलाबाईला बघवेना.

"दिली गं पोरीनं! बोलली तशी दिली! चांगुणाची सुपारी फुटली, कळलं वाटतं तिला? माघात लगीन हाय." तिनं साडी कपाळाला लावली. "एष्टी चुकंल माझी. सांग रूपालीला, मैनामावशीनं आशीर्वाद सांगितलाय."

आणि ती गेली. कलाबाईनं हाक मारली नाही. त्या दिवशी सगळी कोथिंबीर तिनं मातीमोलानं दिली.

आता मार्गशीर्षात जावयाचा निरोप आला. त्याचं दुसरं लग्न झालं होतं. संक्रांतीला तो मुलीला न्यायला येणार होता.

कलाबाईनं पोरीसाठी गोधडी घालायला घेतली. आत सासूचं जुनं लुगडं, गोटीरामची धोतरं, मधे मधे आपल्याच लुगड्यांचे तुकडे. दुपारी हातातली कामं आटोपली की ओसरीवर पसरून ती धावदोरा घालायची आणि संध्या तिच्यावरून रांगायची. एका कोपऱ्याला मात्र तिनं हात लावला नव्हता.

सून दीपमाला मॅक्सीवरच भाजी निवडत बसली होती. "आई, हा कोपरा का सोडला?"

"तो शेवटी भरायचा. भाकरीचा घास ठेवून वरनं तुकडा शिवायचा. गोधडी उपाशी ठेवत नाहीत."

"मग लावा ना एखादा. इतके पडलेत."

कलाबाई सुई दातात धरून बसून राहिली. कोणता तुकडा लावायचा ते तिनं मनात कधीच ठरवलं होतं. आईच्या साडीचा पदर, लाल गोंड्याजवळचा, हातभर नाही, चार बोटं. पोरीला आई आठवायची नाही. फोटोसुद्धा नवी बाई भिंतीवर ठेवील न ठेवील. पण पांघरुणातलं कापड कोण कशाला उसवतंय?

संध्याकाळी ती गोटीरामला म्हणाली, "मी जाते डोंगरात. टोळीला घेऊन येते."

"तू?"

"रावजी तुमचं ऐकणार नाय. मैना माझं ऐकंल."

"बघ बाई. पोराला विचार, महेशला, एष्टी कितीला आहे."

पेठची गाडी सावळघाट चढली तेव्हा कलाबाईचे कान गच्च झाले. आयुष्यात पहिल्यांदा ती या रस्त्यानं येत होती. वीस वर्षं ती माणसं तिच्याकडं आली, ती एकदाही गेली नव्हती. गाडीत फडकीवाल्या बाया भरल्या होत्या. हिच्या नऊवारीकडं बघून त्या आपसात काही बोलल्या आणि हसल्या. एकीनं विचारलंच, "बाय, एवढां लुगडां नेसून चढ कशी चढशील?"

करंजपाडा गाडीरस्त्यापासून कोसभर आत होता. मधे दोन ओहळ. दुसऱ्या ओहळाला कलाबाईचा पाय घसरला आणि गुडघ्यापर्यंत लुगडं भिजलं. तिनं ते वर खोचलं आणि मैनासारखी उघड्या पोटऱ्यांनी चालू लागली. चालणं सोपं झालं.

रावजी अंगणात कोयत्याची मूठ बसवत होता. तिला बघून तो उभाच राहिला.

"मालकीणबाय? तुम्ही?"

"तुम्ही येत नाय, मग मीच आले. रोप जून झालं, रावजी."

रावजीनं मान खाली घातली. "कसं येणार? चांगुणा गेली ना आमची."

"सासरी? एवढ्यात?"

"नाय. गेली."

कलाबाई अंगणातल्या दगडावर बसली. रावजी सांगत होता. भादव्यात ताप आला. ओहळाला पूर होता. डोलीत घालून चौघांनी उचलली, पण पाणी उतरेपर्यंत अलीकडंच गेली. तेव्हापासून मैना घराबाहेर येत नाही. ती नाही म्हणून बाया नाहीत.

"आता तुम्ही आलात. तुमच्या शब्दाला उठंल ती," रावजी म्हणाला. "उठली तर परवाच्या गाडीनं सगळी टोळी आणतो."

घरात अंधार होता. कुडाला टेकून मैना बसली होती. अंगावर फडकी नव्हती. वीस वर्षांत कलाबाईनं तिचं डोकं असं उघडं पाहिलं नव्हतं. केस पांढरे झाले होते.

कलाबाई तिच्याजवळ जाऊन खाली बसली. तिनं मैनाचा हात हातात घेतला. रोपं लावून लावून अंगठ्याला पडलेला घट्टा तसाच होता.

"कशाला आली ते ठाऊक हाय मला," मैना म्हणाली. "साडीचं विचारायला."

"साडीचं?"

"मी कुठलं तोंड दाखवू रूपालीला? तिनं लग्नासाठी दिली. मी मातीत घातली." मैना एका सुरात बोलत होती, डोळे कोरडे. "पोरीनं दोनदा नुसती उलगडून बघितली. नेसली नाय. लग्नातच नेसीन म्हणायची. मग मी म्हटलं, आता कवा? त्याच साडीत पाठवू. आम्ही पाच जणी होतो. पण कुणाला येते ती नेसवायला? निऱ्या काय पडंनात, बाय. धरल्या की सुटायच्या. सगळ्या पाड्यात ज्या एकीला यायची, तीच आडवी पडलेली. शेवटी नुसती गुंडाळली. गाठोडं बांधतात तशी. पदर तोंडावर घेतला. तो लाल गोंडा कपाळावर आला, टिकलीसारखा."

चार बोटं तुकडा. तो मागायला कलाबाई दोन ओहळ ओलांडून आली होती.

"पोर कशानं गेली बघायला भगत बसवला, त्यानं विचारलं," मैना म्हणाली. "कापड कुणाचं होतं? गेलेल्या माणसाचं तर घरात नाय आणलं? सगळा पाडा बसला होता. मी उठून सांगितलं, भगता, ती माझ्या झोळीतली पोर. जितीजागती हाय, मांडीवर लेक हाय तिच्या. तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगते. तवा गप बसला." मग तिनं प्रथमच कलाबाईच्या तोंडाकडं पाहिलं. "बरी हाय ना गं रूपाली?"

बाहेर रावजी कोयत्याची मूठ ठोकत होता. ठक, ठक.

"बरी हाय," कलाबाई म्हणाली.

"पोर चालते?"

"धरून धरून चालते."

"साडीचं काय म्हणते?"

"काय नाय. चांगुणाचं लगीन कवा, म्हणून विचारत होती."

तेव्हा मैनाचा बांध फुटला. ती कलाबाईच्या मांडीवर पडली आणि कलाबाईही तिच्या पाठीवर डोकं टेकून रडली. सात महिन्यांत कलाबाई अशी रडली नव्हती. घरात तान्हं लेकरू, नवऱ्याचं तोंड उतरलेलं, सगळं सांभाळायचं होतं. आता ती हंबरडा फोडून रडली, आणि मैना तिचे डोळे पुसत म्हणत राहिली, "माझे पोरीसाठी एवढी रडली गं तू. एवढी रडली."

बऱ्याच वेळानं मैना उठून बसली. "एक कर. रूपालीला सांगू नको. अंगावर पाजती हाय, दूध आटंल. लगीन झालं म्हण. तुझीच साडी नेसून झालं म्हण. निऱ्या लय झ्याक पडल्या म्हण."

कलाबाईनं मान डोलावली.

मैनानं कुडातल्या खुंटीवरून एक घडी काढली. लाल फडकी, नवी करकरीत. काठानं काळ्या-पिवळ्या दोऱ्याचे बारीक टाके. "चांगुणेचे हातचे. लग्नासाठी घातलेले. ही दे रूपालीला. चांगुणानं भेट दिली म्हण. पोरीला झोळी करंल." मग तिनं आपली जुनी फडकी शोधून डोक्यावर घेतली, गाठ मारली. "चल. मी येते तुझेबरोबर. रोप लावून टाकू. संध्याला बी बघीन. संक्रांतीला रूपाली येईल ना माहेरी?"

कलाबाई फडकी छातीशी धरून बसून राहिली. घरातलं एकेक तोंड तिच्यापुढून गेलं. गोटीराम, महेश, दीपमाला. वत्सलाबाई तर वेशीवरच सांगेल. भिंतीवर हार घातलेला फोटो आहे.

"लागण झाली," ती म्हणाली.

"काय?"

"उरकली कांद्याची लागण. दुसरी टोळी धरली आम्ही. तेच सांगायला आले. तुम्हाला उगा हेलपाटा नको."

दारात रावजी उभा होता. "आत्ता तर म्हणालात, रोप जून झालं."

"झालं होतं. मग धरली दुसरी."

"आणि पुढल्या साली?"

"पुढल्या साली... तेच येणार आता."

रावजी हसला, पण ते हसू नव्हतं. "वीस वर्षं झाली, मालकीणबाय. एवढंच सांगायला कोसभर चालत आलात? कुणाच्या हाती निरोप धाडला असता तरी चाललं असतं."

डोक्यावरची फडकी नीट करत मैना कलाबाईकडं नुसती बघत राहिली, ओळखीचं माणूस गर्दीत शोधतात तशी. सडकेजवळच्या ओहळापर्यंत पोचवायला मात्र ती आली. पाण्यात हात धरून तिनं कलाबाईला पलीकडं उतरवलं, दगड दाखवले. अलीकडून म्हणाली, "लुगडं खाली सोड आता. सडक आली."

घरी गोटीरामनं विचारलं, "कधी येतात?"

"येत नाहीत."

"का?"

"नाहीत येत."

"मग दिवस घालवून काय केलंस तिथं?" तो असा कधी ओरडत नसे. "पोरगी गेली, आता शेतही घालव!"

दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी भरलेल्या वाफ्यात कलाबाई जाऊन बसली. गोटीराम आला, महेश आला, साडीचा ओचा खोचून दीपमालाही आली. चौघांनी बारा दिवस लागण केली. थंडीनं बोटं वाकेनात. कलाबाईचे गुडघे सुजले, उठताना तिला बांध धरावा लागायचा. चौघांनी होण्यासारखं ते काम नव्हतंच. निम्म्याहून जास्त रोप वाफ्यातच पिवळं पडलं आणि एक दिवस गोटीरामनं त्यात शेळ्या सोडल्या.

त्याच दुपारी कलाबाईनं गोधडी पसरली. ज्वारीच्या भाकरीचा नखभर घास कोपऱ्यात ठेवला. पेटीतून फडकी काढली, उलगडली आणि टाक्यांच्या काठासकट चार बोटांचा तुकडा कापला. कात्री चालताना तिचा हात थांबला नाही. तुकडा कोपऱ्यावर ठेवून तिनं चारी बाजूंनी बारीक टीप घातली, गाठ मारली, दोरा दातानं तोडला.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी जावई जीप घेऊन आला. बरोबर नवी बायको. बाई वाईट नव्हती. तिनं संध्याच्या हातावर तिळाची वडी ठेवली, पोर तिच्याकडं गेलीही. दीपमालानं पोरीचे कपडे, दुधाची बाटली पिशवीत भरली. कलाबाईनं गोधडीची घडी आणून दिली.

"किती बारीक टाका आहे!" नवी बाई म्हणाली. कोपऱ्यातल्या लाल तुकड्यावर तिनं बोट फिरवलं. मग जरा चाचरत, हळू आवाजात विचारलं, "हे हिच्या आईचं आहे का?"

गोटीराम अंगणाकडं बघू लागला.

"नाही," कलाबाई म्हणाली. "मावशीचं आहे."

"ताईंना बहीण होती? मला कुणी बोललं नाही."

"होती," कलाबाई म्हणाली. "थंडी आहे. नीट लपेट तिला."